जुन्या जीप-जिप्सीचे ब्रेक पुन्हा पुन्हा का जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीजे (सिव्हिलियन जीप) ठेवणीच्या जुन्या जीप, महिंद्राच्या एमएम ५४०, मेजर आणि मारुती जिप्सी बाळगणारे लोक ब्रेकबद्दल जे फिरून फिरून विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं काम आधी एकदा-दोनदा झालेलं असतं, पैसे गेलेले असतात आणि ब्रेकही परत गेलेले असतात. त्यामुळे 'कोणता पार्ट बदलू' यापेक्षा 'तोच पार्ट परत का गेला' यावर इथे जास्त भर आहे.

१. गॅरेजमध्ये नुसतं 'ब्रेक फेल झाले' म्हटलं तर चालत नाही का? नेमकं काय सांगायचं?

चालत नाही. तेवढंच सांगितलंत तर मेकॅनिक त्याच्या सवयीने मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, पुढे नुसता 'मास्टर') खोलतो. पेडलचं वागणं सांगा. एका दाबात तळाला जातं की हळूहळू बसतं? स्पंजासारखं मऊ लागतं की दगडासारखं कडक? सकाळी पहिल्यांदा होतं, घाटात होतं की पाण्यातून गेल्यावर? मास्टरच्या डबीतलं ब्रेक ऑइल कमी झालंय का? गाडी एका अंगाला ओढते का? एवढं कळलं की पाना हातात घेण्याआधीच निम्मं निदान झालेलं असतं.

तात्पुरतं बरं झालं म्हणून तशीच गाडी चालवत राहू नका. जुन्या जीपला बहुधा सिंगल सर्किट, म्हणजे चारही चाकांना मिळून ऑइलचा एकच मार्ग असतो (प्रश्न १५), आणि त्यात अर्धे ब्रेक जाण्याची सोय नसते.

२. पहिल्या दाबात पेडल खाली जातं, दोन-तीनदा पंप मारला की वर येतं. ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे ना?

कदाचित. पण चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीत पहिला संशय शू सेटिंगवर घ्या. शू म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे कमानीसारखे तुकडे. त्यांच्यावरचे लायनर (घासणारा थर) झिजतात, शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं, आणि एका दाबात तेवढं अंतर भरून काढायला मास्टरमधलं ऑइल पुरत नाही. दुसऱ्या दाबाला शू आधीच पुढे आलेले असतात, म्हणून पेडल वर लागतं.

फरक असा ओळखा: पंप मारल्यावर पेडल वर येऊन टणक लागलं तर सेटिंग. वर आलं पण पायाखाली दबतच राहिलं तर हवा. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर आणखी सोपं आहे. हँडब्रेक ओढून पेडल दाबा. पेडल एकदम वर लागलं तर मागचे शू ढिले आहेत.

सीजे ठेवणीच्या जीपमध्ये हे शू आपोआप सेट होत नाहीत. बॅकिंग प्लेटच्या (ड्रममागची न फिरणारी प्लेट) मागे प्रत्येक शूला वेगळा एक्सेंट्रिक बोल्ट असतो. चाक जॅकवर घ्या, बोल्ट फिरवून चाक अडेपर्यंत शू बाहेर काढा, मग चाक मोकळं फिरेपर्यंत थोडं मागे घ्या. एकेक शू वेगळा. अनेक गॅरेजमध्ये पुढचा एकच शू सेट करून चाक बंद करतात. मग महिन्याने तुम्ही परत हजर.

३. पेडल दाबून धरलं की हळूहळू तळाला बसतं. खाली कुठेही थेंब नाही.

मास्टर सिलिंडरच्या आतला रबरी कप (सील) ऑइल मागे सोडतोय. बाहेर थेंब पडत नाही, कारण ऑइल आतल्या आत डबीत परत जातं. सिग्नलला पाय ठेवून उभे असताना हे नेमकं जाणवतं: जोरात मारलेला ब्रेक लागतो, हलका धरलेला सुटतो.

निकाल देण्याआधी चारही ड्रम उघडा आणि व्हील सिलिंडरचे (चाकातले शू ढकलणारे छोटे सिलिंडर) रबरी बूट बोटाने उचलून बघा. बुटाच्या आत ऑइल साठून राहतं आणि खाली यायला वेळ लागतो. ते कोरडे असतील तर मास्टरच दोषी.

४. मास्टरचं किट (आतल्या रबरांचा संच) वर्षात दोनदा-तीनदा टाकलं, परत तेच. किट डुप्लिकेट येतात का?

येतातही, पण खराब किट हे क्वचितच एकमेव कारण असतं. जुना पिस्टन काढून सिलिंडरच्या आत टॉर्च मारा. बारीक काळे खड्डे दिसले, किंवा नखाला खरखर लागली, तर तिथे कितीही चांगलं रबर टाका, काही महिन्यांत ते कापलं जाणार. पॉलिश पेपर मारून हे खड्डे जात नाहीत, आणि फार घासलं तर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोठा होऊन कप सैल बसतो. दोनच रस्ते आहेत: नवा मास्टर, नाहीतर चांगल्या इंजिनिअरिंग वर्क्समधून स्लीव्ह बसवून मूळ मापाचा बोअर. मूळ माप हा शब्द तिथे ठासून सांगा.

खड्डे पडतात पाण्याने, आणि जुन्या जीपमध्ये पाणी शिरण्याची वाट ठरलेली आहे. मास्टर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या खाली असतो. त्याच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं. गरम गाडी ओढ्यात उतरली की सिलिंडर थंड होतो, आतली हवा आकसते आणि त्या छिद्रातून पाणी ओढलं जातं. दुसरी वाट आपणच करतो. फ्लोअरचं झाकण उचलून तसंच डबीचं टोपण उघडलं की कडेची माती सरळ ऑइलमध्ये पडते. आधी ओल्या फडक्याने आजूबाजूचा भाग पुसायचा, मग टोपण.

रबर खड्ड्यांमुळे कापलेलं नसून फुगून मऊ पडलेलं असेल तर कारण वेगळं आहे. ते प्रश्न ६ मध्ये.

५. डबीतलं ऑइल कमी होतं पण गळती सापडत नाही.

थोडं कमी होणं स्वाभाविक आहे. जिप्सीच्या पुढच्या डिस्क ब्रेकच्या पॅडची झीज होते तसे कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टन बाहेर येतात आणि तेवढं ऑइल तिकडे जातं. पण दर महिन्याला टॉप-अप लागत असेल तर ते कुठेतरी जातंय.

व्हील सिलिंडर बघून झाले असतील तर मास्टर आणि बूस्टरच्या (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) जोडाकडे या. मास्टरचं मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरमध्ये ओढलं जातं. पेट्रोल जिप्सीत ते पुढे इंजिनात जाऊन जळतं, म्हणून सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि लोक हेड गॅस्केट खोलतात. मास्टरचे दोन नट सोडून तो थोडा पुढे ओढा. मागे ओलं दिसलं की शोध संपला.

६. ब्रेक ऑइल कोणतं टाकू? डॉट ३ आणि डॉट ४ मिसळलं तर चालतं का?

दोन्ही ग्लायकॉलची असल्यामुळे मिसळली तरी रबर बिघडत नाही, फक्त डॉट ४ चा फायदा कमी होतो. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाटात फिरणाऱ्यांनी डॉट ४ टाकावं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ नावाने भाऊ वाटला तरी तो ग्लायकॉलचाच आहे.

हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर २ वर्षांनी सगळं बदला. कोकणात गाडी असेल तर पावसाळ्यानंतर एकदा रंग तरी बघा. कपाटात वर्षभर उघडी पडलेली बाटली फेकून द्या.

आता खरा घात. रस्त्यात ऑइल संपलं म्हणून कुणीतरी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओततं. ब्रेकचं रबर खनिज तेलाने फुगतं. आधी ब्रेक चिकटतात, मग सील तुटतात, आणि एकेक पार्ट बदलत बसलात तरी लाइनमध्ये राहिलेलं तेल नवं रबर परत फुगवतं. शंका असेल तर डबीतलं थोडं ऑइल काचेच्या ग्लासातल्या पाण्यात सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, खनिज तेल वर तरंगतं. तरंगलं तर मास्टर, व्हील सिलिंडर, कॅलिपर, होज, म्हणजे रबर असलेलं सगळं बदलायचं आणि लोखंडी लाइन धुऊन काढायच्या. इथे अर्धं काम म्हणजे पैसे पाण्यात.

७. घाट उतरताना पेडल तळाला गेलं. खाली अर्धा तास थांबलो तर ब्रेक एकदम ठीक! गॅरेजवाला म्हणतो काही प्रॉब्लेम नाही.

थंड गाडीत प्रॉब्लेम दिसणारच नाही. व्हील सिलिंडरमधलं ऑइल उकळून वाफ झाली होती. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडलचा सगळा जोर तिथेच संपतो. थंड झालं की वाफेचं परत ऑइल होतं. मुळाशी जुनं, पाणी शोषलेलं ऑइल असतं (प्रश्न ६), किंवा एखादं चाक चिकटून तापत असतं (प्रश्न ८). खाली उतरल्यावर लगेच चारही चाकांच्या हबजवळ हात न लावता नुसता धरून बघा. एकच चाक भट्टीसारखं असेल तर उत्तर तिथे आहे.

फेड हा वेगळा प्रकार. त्यात पेडल टणक राहतं, जळका वास येतो, पण गाडी थांबत नाही, कारण लायनर तापून घसरायला लागलेले असतात. ऑइल बदलून फेड जात नाही.

वरंधा किंवा आंबेनळी उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. भरलेली जीप असेल तर त्याहून एक खाली. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवणारे लोक अजून भेटतात, त्यांना काय म्हणावं! पेडल गेलंच तर भराभर पंप मारा, गिअर एकेक करून खाली आणा, हँडब्रेक झटक्याने न ओढता हळूहळू ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

८. ब्रेक सोडल्यावरही चाकं चिकटून राहतात. कधी सगळी, कधी एकच.

चिकटलेलं चाक जॅकवर घ्या आणि त्याचा ब्लीडिंग निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) थोडा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर लाइनमध्ये दाब अडकलाय. चाक तसंच राहिलं तर दोष चाकातच आहे: ढिली झालेली शू स्प्रिंग, बॅकिंग प्लेटवर पडलेले खाचे, गंजलेली हँडब्रेक केबल, जिप्सीत कॅलिपरच्या सुकलेल्या पिना.

दाब अडकला असेल तर किती चाकांत अडकलाय ते बघा. चारही चाकं धरत असतील तर मास्टर. बहुतेक वेळा पेडलला फ्री प्लेच ठेवलेला नसतो. जुन्या जीपला पेडलच्या टोकाशी साधारण अर्धा इंच मोकळी चाल लागते. ती नसली की कप आतल्या बारीक छिद्रावर बसून राहतो. ऑइल गरम होऊन फुगतं, त्याला परत जायला वाट मिळत नाही, आणि गाडी चालता चालता स्वतःच ब्रेक लावते. पेडल वर घ्यायला म्हणून कुणीतरी पुशरॉड (पेडलचा जोर मास्टरला देणारी दांडी) लांब केलेला असतो आणि तिथून ही साडेसाती सुरू होते. ऑइलमधल्या गाळाने तेच छिद्र बुजलं तरी लक्षणं हीच.

फक्त पुढचं एक चाक, किंवा मागची दोन्ही चाकं धरत असतील तर रबरी होज. मागच्या एक्सलला एकच होज जातो, म्हणून दोन्ही चाकं एकदम. होज बाहेरून ठणठणीत दिसतो पण आतला थर सुटलेला असतो. तुमच्या पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, स्प्रिंगच्या जोराने मागे येत नाही. दहा-बारा वर्षांचे होज असतील तर तपासत बसू नका, बदला.

९. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. डावं चाक उघडू?

आधी उजवं. गाडी ज्या बाजूला ओढते तिकडचा ब्रेक बहुधा नीट लागत असतो, दुसरा लागत नसतो. अपवाद म्हणजे तेलकट लायनर. त्यावर थोडंसं तेल असेल तर तो कधी घसरतो, कधी एकदम धरतो, त्यामुळे ओढण्याची बाजू बदलत राहते. पाट्याचे यू-बोल्ट ढिले असले तरी एक्सल सरकून असंच वाटतं. पाना घेऊन तेही बघा.

१०. मागच्या लायनरवर दरवेळी तेल येतं. सील बदलून झालं.

बोटाला लावून वास घ्या. उग्र, गंधकासारखा वास म्हणजे गिअर ऑइल, ते एक्सलच्या सीलमधून येतं. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि पाण्याने धुतलं जातं.

गिअर ऑइल असेल तर सील बदलण्याआधी एक्सलच्या ब्रीदरकडे बघा. एक्सल ट्यूबवर किंवा डिफरन्शिअलजवळ छोटं टोपण किंवा नळी असते. चिखलातून एकदा गेलं की ती बुजते. मग गाडी चालून एक्सल तापला की आतली हवा फुगते, बाहेर पडायला वाट नसते आणि ती सीलमधून तेल ढकलते. नवं सीलही तसंच गळणार. ब्रीदर साफ करा, जमल्यास नळी लांब करून वर बॉडीपर्यंत न्या. काम स्वस्त आहे, म्हणूनच बहुधा कुणी सुचवत नाही.

तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. तापले की आतलं तेल वर येतं. दोन्ही बाजूंचे एकदम बदला. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

११. ओढा पार केला की ब्रेक लागतच नाहीत.

ओल्या ड्रमचं हे होणारच. बाहेर आल्यावर हळू वेगात पायाने हलका ब्रेक धरून थोडं अंतर चालवा, उष्णतेने लायनर सुकतात. दुसऱ्या दिवशीही खरखर आली तर आत वाळू आहे, ड्रम उघडावाच लागेल. चिखलाच्या ट्रिपनंतर ड्रम न उघडणाऱ्यांचे ड्रम चरे पडून लेथवर जातात.

१२. पेडल एकदम कडक झालं, पूर्ण ताकद लावावी लागते.

बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय.

डिझेल गाडीत एक गोष्ट लोक विसरतात. डिझेल इंजिन पेट्रोलसारखा व्हॅक्यूम देत नाही, म्हणून अल्टरनेटरच्या मागे वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि तो फॅन बेल्टवर फिरतो. बेल्ट तुटला किंवा घसरला की चार्जिंगचा दिवा लागतो आणि थोड्याच वेळात ब्रेकही कडक होतो. घाटात चार्जिंगचा दिवा लागला तर 'बॅटरीवर जाऊ घरी' म्हणू नका. बेल्ट ठीक असेल तर इंजिन चालू ठेवून बूस्टरचा पाइप काढा आणि तोंडाला अंगठा लावा. ओढ लागली नाही तर पंप किंवा पाइप, जोरात लागली तर बूस्टर.

चढावर इंजिन बंद पडलं तर बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांचीच शिल्लक असते. पंप मारून ती घालवू नका. पाय दाबून ठेवा, रिव्हर्स गिअर टाका आणि गिअरमध्येच मागे उतरा.

१३. हवा काढून काढून दमलो, पेडल मऊच.

आधी शू सेटिंग करा (प्रश्न २), मग हवा काढा. उलटं केलं तर कितीही ऑइल गेलं तरी पेडल खालीच. सुरुवात मास्टरपासून सर्वांत लांब चाकाने, म्हणजे आपल्या उजव्या हाताच्या गाडीत मागच्या डाव्या चाकाने. नवा मास्टर असेल तर तो बसवण्याआधी बाकावरच त्यातली हवा काढा.

एवढं करूनही मऊ असेल तर निपल कुठे आहे ते बघा. जिप्सीचे डावे-उजवे कॅलिपर उलटे बसले की निपल खालच्या बाजूला येतो आणि वरची हवा जन्मात निघत नाही. पुरती एक दुपार गेल्यावर हे लक्षात आलेले बरेच जण आहेत. फुगणारा जुना होजही पेडल मऊ करतो. एकाला पेडल दाबायला लावा आणि होजवर बोटं ठेवा, कळतं.

१४. ३१ इंची टायर आणि लिफ्ट किट टाकल्यापासून ब्रेक कमी झाले. वहम आहे का?

वहम नाही. २८ इंची टायरच्या जागी ३१ इंची आला की त्याच पेडलला जमिनीवर मिळणारा जोर सुमारे १० टक्के घटतो. लिफ्टमुळे दोन गोष्टी होतात. एक्सल पूर्ण खाली लोंबला की होज ताणला जातो. गाडी चेसिसवर उचलून चाकं लोंबकळत ठेवा आणि बघा. शिवाय काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब लोडप्रमाणे ठरवणारा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. गाडी उचलली की त्याला वाटतं मागे वजन नाही, आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. दांडी नव्या उंचीप्रमाणे सेट करून घ्या.

१५. जुन्या जीपला पुढे डिस्क आणि टँडम मास्टर टाकावा का?

टँडम मास्टर, म्हणजे दोन वेगळ्या लाइनचा मास्टर, हा जुन्या जीपवर केलेला सर्वांत शहाणा खर्च आहे. एक लाइन फुटली तरी दुसरी राहते. डिस्कचं तसं नाही, ती अर्धवट केली तर ड्रमपेक्षा वाईट.

ड्रमच्या मास्टरमध्ये लाइनला थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, साधारण १० पीएसआय. तो तसाच ठेवून डिस्क लावली तर पॅड चिकटून तापतात. तो काढून टाकला आणि मास्टर फ्लोअरखालीच राहिला, तर मास्टर कॅलिपरपेक्षा खाली येतो, ऑइल मागे ओघळतं आणि पहिला दाब नेहमी रिकामा जातो. त्यासाठी डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लावतात. 'डिस्क टाकल्यापासून पहिला पंप फुकट जातो' म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं. कॅलिपरला ऑइलही जास्त लागतं, म्हणून मास्टरचा बोअर जुळवावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ बनावटीपासून बदल करण्यावर बंधनं आहेत, तेव्हा आरटीओत आधी विचारा.

१६. मास्टर, व्हील सिलिंडर, होज, लायनर सगळं नवं. हवा नाही, गळती नाही. तरी काही दिवसांत पेडल परत खाली.

मग ऑइलचा रस्ता सोडून लोखंडाकडे बघा.

लेथवर टर्निंग करून मोठा झालेला ड्रम आणि स्टँडर्ड लायनर असेल तर लायनर फक्त मधोमध टेकतो. ती रेघ झिजली की अंतर वाढतं. अनेक ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. त्याच्या आत असेल तर लायनर ड्रमच्या गोलाईला ग्राइंड करून घ्या, बाहेर गेला असेल तर ड्रम भंगारात.

चाक वर घेऊन वर-खाली धरून हलवा. हब बेअरिंग ढिलं असेल तर जिप्सीची डिस्क डुगडुगते, पॅड मागे ढकलते आणि खड्ड्यांनंतरचा पहिला ब्रेक खोल जातो.

शेवटी एकाला पेडल जोरात दाबायला सांगा आणि तुम्ही गाडीखाली झोपून मास्टरकडे बघा. मास्टर स्वतःच हलताना दिसला तर ब्रॅकेटला किंवा चेसिसला बोल्टाजवळ तडा आहे. रंगाखाली तो दिसत नाही, वायर ब्रश मारावा लागतो. पेडलची पिन आणि बुश झिजून अंडाकृती झालेलं असेल तर तिथेही अर्धी चाल जाते. ब्रॅकेटचं वेल्डिंग करायचं असेल तर मास्टर आणि प्लास्टिकची डबी आधी काढून घ्या, आणि चेसिसवरचा तडा टोकाला छिद्र पाडल्याशिवाय वेल्ड करू देऊ नका; नाहीतर तो वेल्डच्या पुढे चालत राहतो.